साडूंच्या डोक्यामागची वायर

वस्तू ज्या कंपनीची, तिचा जोडही त्याच कंपनीचा घ्यावा, असं सगळं जग मानतं. या सगळ्या जगाविरुद्ध एकट्यानं उभा राहिलेला माणूस कोणाला पाहायचा असेल, तर त्यानं कोथरूडला माझ्या थोरल्या साडूंच्या घरी जावं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. या नात्यात मान कोणी द्यायचा आणि कोणी घ्यायचा हे सहसा शेवटपर्यंत ठरत नाही. आमच्यात ते पहिल्याच दिवशी ठरलं. माझ्या लग्नात, भर मांडवात, त्यांनी माझ्या मनगटावरचं सासरकडचं घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "पट्टा कंपनीचाच ठेवलाय?" मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, तशी नजर माझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला कधी दाखवली नाही. पंधरा दिवसांनी ते घरी आले आणि स्वतःच्या हातानं दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा पट्टा बसवून गेले. घड्याळ पुढे दोनदा दुरुस्तीला गेलं. पट्टा अजून आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू एका घराण्याची नाही. कुकर एका कंपनीचा, शिट्टी दुसऱ्या कंपनीची आणि मूठ कसब्यातल्या एका लाकूड कातणाऱ्याकडून माप देऊन करून घेतलेली. मिक्सरचं भांडं परकं, पंख्याचा रेग्युलेटर परका, स्कूटरचे आरसे तर डावा एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा. त्यांच्या शाईच्या पेनाला भलत्याच पेनाचं टोपण आहे आणि ते मूळ टोपणापेक्षा घट्ट बसतं, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी लावून दाखवतात. "मूळ कंपनी सुस्तावलेली असते," ते सांगतात, "गिऱ्हाईक जातंय कुठं, हे तिला ठाऊक असतं. परक्याला स्वतःला सिद्ध करावं लागतं." हा सिद्धांत त्यांनी नात्यांनाही लावला आहे. आमचे सासरे आजारी होते तेव्हा आम्ही दोघं जावई दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो आणि सासऱ्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे मेव्हणे, फोनवरून सूचना देत होते. साडू माझ्याकडे झुकून म्हणाले, "आपण दोघं या घराला बाहेरून बसवलेले जोड. मूळ कंपनीचा माल काय करतोय, ऐकताय ना?"

त्या घरातली दुसरी रीत ताईंची. ताई म्हणजे साडूंच्या पत्नी; माझी बायको त्यांना ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. नवी वस्तू घरात आली की दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर खोळ चढते. फ्रिजच्या मुठीला खोळ, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, मिक्सरला झालरीचा झगा. एकदा मी माझा मोबाईल त्यांच्या टेबलावर विसरून धायरीला घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी तो फुलाफुलांच्या पिशवीतून परत मिळाला. साडू एरवी बायकोशी दिवसातून चार वेळा वाद घालतील, पण खोळींच्या बाबतीत ते पूर्ण ताईंच्या बाजूचे. "धूळ सगळ्यांना सारखी मारते, ती कंपनी बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या रेडिओला लग्नापासून खोळ आहे आणि तिच्यामुळे आजवर एकही बातमी अडलेली नाही, हा त्यांचा पुरावा.

ते पडले तेही सिद्धांतापायी, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. घरातल्या स्टुलाच्या चार पायांपैकी एकाचा रबरी बूट हरवला होता. साडूंनी शोधून शोधून तिऱ्हाईत कंपनीचा एक बूट आणला, तो बसवला आणि पंखा पुसायला त्याच स्टुलावर चढले. खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवरून म्हणाले, "उरलेले तिन्ही बूट कंपनीचे होते, झिजलेले. चौथा बिचारा एकटा किती सांभाळणार?" त्यानंतर किती तरी महिने ते असं काही बोलले नाहीत. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, वॉकरची काठी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "चाला, घरातल्या घरात भरपूर चाला. पण पुन्हा पडायचं नाही. आता पडलात तर परत उभं राहणं कठीण आहे." दर रविवारी पहाटे सिंहगड चढून, वर दही खाऊन, नऊच्या आत घरी येणारा हा माणूस, त्याला हॉल ते स्वयंपाकघर एवढाच प्रवास उरला. ते खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसू लागले, आणि खिडकीबाहेरसुद्धा बघत नसत. एका शनिवारी मी मुद्दाम नवी छत्री नेली आणि मुठीसकट त्यांच्या पुढ्यात ठेवली. मूठ कंपनीची आहे, हेही सांगितलं. त्यांनी छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. मला खरंच भीती वाटली.

दिवाळीत त्यांचा मुलगा परदेशातून आला तो एक खोकं घेऊन. त्यात व्हीआर हेडसेट होता. म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक डबा. तो बांधला की आपला हॉल नाहीसा होतो आणि चहूबाजूंनी डोंगर, दऱ्या, समुद्राचा तळ, जे हवं ते दिसू लागतं. मान वळवावी तिकडचं दिसतं. आपण इथं पाऊल टाकलं की तिथं पाऊल पडतं. सपाट जमिनीवर, जवळ कोणी असेल तर हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. टीपॉय आणि सतरंजी बेडरूममध्ये गेली आणि मुलानं बापाच्या डोळ्यांवर ते बांधलं. दहा मिनिटं साडू मान वळवून चहूकडे बघत राहिले. मग हॉलच्या मधोमध काठी टेकून उभे राहून म्हणाले, "या पायवाटेच्या कडेचे दगड चुकीचे बसवलेत. पहिल्या पावसात वाहून जातील." ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. "बोलले हो," एवढंच त्या मला म्हणाल्या.

फक्त एक अडचण होती. त्या हेडसेटच्या मागून करंगळीएवढी जाड वायर निघायची आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला जायची. साडूंना डोंगर दिसे, वायर दिसत नसे. तिसऱ्याच दिवशी कुठल्याशा घारीकडे बघत ते जागच्या जागी तीन वेळा फिरले आणि वायर त्यांच्या गुडघ्यांना वेढे घालून बसली. तेव्हापासून ताईंनी पदर खोचला. रोज संध्याकाळी पाच वाजता साडू पुढे आणि वायर दोन्ही हातांत उचलून धरलेल्या ताई मागे, अशी त्या हॉलमध्ये चाळीस मिनिटं भ्रमंती चाले. साडू वळले की ताईंनी त्यांच्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालायची, ते वाकले की हात खाली न्यायचा, ते थांबले की थांबायचं. सप्तपदीला सात पावलांत भागलं होतं. शनिवारी माझी पाळी असे. डोळ्यांवर डबा बांधलेले साडू मला पतंगाच्या भाषेत हुकूम सोडत, "ढील द्या, साडू! अहो ढील! मी कड्यावर उभा आहे आणि तुम्ही मागून खेचताय!" माझे खांदे रविवारभर दुखत. ताईंचे रोज दुखत असणार, पण त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी भ्रमंती चालू असताना गॅसचा सिलिंडर आला. ताईंनी वायर क्षणभर खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि दार उघडायला गेल्या. साडू धबधबा नीट दिसावा म्हणून एक पाऊल मागे सरले, ते वायरवर पडलं आणि ते कलंडले. हात आपोआप बाजूला गेला आणि काचेच्या कपाटाला अडकला. वरचे दोन कप फुटले. साडू पडले नाहीत. सिलिंडरवाला सिलिंडर टाकून धावला. ताई मात्र दाराशी होत्या तिथंच खाली बसल्या. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "एक तर ही वायर घरातून जाईल, नाही तर हे सगळं खोक्यात भरून माळ्यावर जाईल. महिनाअखेरपर्यंत काय ते बघा." ताई एकदा बोलल्या की बोलल्या. मी त्यांची समजूत घालायला गेलो तर त्या म्हणाल्या, "हे माळ्यावर गेलं की ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, हे मला कळत नाही का? पण बसलेले परवडतील मला. पडलेले नाही परवडणार."

मुलानं फोनवर तोड सुचवली. वायरच्या जागी बिनतारी जोड मिळतो, हेडसेटच्या कंपनीचाच, मी लगेच पाठवतो, असं तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता. साडूंनी विचारलं, "कंपनीचाच मिळतो?" तो म्हणाला, "हो बाबा." "मग नको," साडू म्हणाले. पुढचे बारा दिवस त्यांनी कॉम्प्युटरसमोर घालवले आणि ज्या कंपनीचं नाव मुलानंही कधी ऐकलं नव्हतं, अशा कंपनीचा जोड मागवला. महिन्याचे दहा दिवस उरले असताना तो आला. भिंतीवर उंच बसवायचा एक छोटा डबा चित्र पाठवणार, डोक्यावरची एक पट्टी ते घेणार, आणि बॅटरी कमरेच्या पाकिटात. माहितीपुस्तिका अकरा भाषांत होती. साडूंनी ती अकराही भाषांत चाळली. "वाचता कुठं येतंय मला, पण चित्रं सगळीकडे तीच दिलीत का, ते बघायला नको?" त्याच संध्याकाळी मी भिंतीला डबा लावून दिला आणि साडू हॉलमध्ये मोकळे चालले. मागे काही नाही. त्यांनी गिरकी घेतली, हळूच, काठी टेकत. ताईंनी ती वायर स्वतःच्या हातानं गुंडाळली, तिला दोरा बांधला आणि कपाटात टाकली. मग चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसल्या. "पाच वाजताचा चहा गरम असतो, हे विसरलेच होते," असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे भिंतीवरच्या डब्याला खोळ चढली, आणि त्याच संध्याकाळी डोंगर करडा झाला. घटकाभर दिसे, की पुन्हा सगळीकडे करडं. साडूंनी शेजाऱ्यांच्या वायफायवर संशय घेतला, मग मेट्रोवर, मग वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या मोटारीवर. सोसायटीच्या सेक्रेटरींना गळ घालून त्यांनी दहा मिनिटं लिफ्ट बंद ठेवायला लावली. त्या दहा मिनिटांत सेक्रेटरींच्याच सासूबाई बाजारातून आल्या, तो वेगळा इतिहास आहे. शेवटी त्या परक्या कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं की डबा आणि आपलं डोकं यांच्यामध्ये काही आडवं येत आहे का, कृपया पाहावं. साडूंना हा आपल्या गृहव्यवस्थेचा अपमान वाटला. त्यांनी कळवलं, "गेले चार दिवस या हॉलमध्ये कोणीही आडवं गेलेलं नाही. माझी पत्नी स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये गॅलरीमार्गे जाते." ते खरंही होतं. कंपनीनं नम्रपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या दिवशी साडू मला फोनवर म्हणाले, "साडू, मूळ कंपनीचाच घ्यायला हवा होता बहुतेक." हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो, आणि ऐकलं तेव्हा मला अजिबात आवडलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ताईंनी मला बोलावून घेतलं. माळ्यावर जागा केलेली होती, खोकं आणि थर्माकोल हॉलमध्ये आणून ठेवलं होतं. ताईंचा चेहरा उतरला होता, पण शब्द मागे घेतला नव्हता. साडू म्हणाले, "भरण्याआधी एकदा बांधतो. दिसलं नाही तरी चालेल." ते त्या खुर्चीत बसले, हेडसेट बांधला आणि करड्याकडे तोंड करून राहिले. मी स्टुलावर चढलो. (बूट आता चारही परके आहेत.) डब्याचे स्क्रू खोळीखाली होते म्हणून मी आधी खोळ काढली. खालून साडू ओरडले, "आला! डोंगर आला!" मी दचकून हातातली खोळ परत डब्यावर टाकली. "गेला!" मी काढली. "आला!" आम्ही हे किती वेळा केलं ते सांगत नाही, कोणी बघितलं असतं तर दोघांनाही माळ्यावर टाकलं असतं. शेवटी साडूंनी हेडसेट कपाळावर सरकवला आणि हात पुढे केला. मी खोळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यानं चोळली, उजेडाकडे धरली, उलटी केली. बाहेरून नुसती जरतार होती, काठापासून काठापर्यंत दाट. "चांदीची आहे," ते म्हणाले, "अस्सल. हिच्यातून लहरी कशा जातील? डब्याला पत्र्याच्या पेटीत घातल्यासारखं झालं." मग ताईंकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडिलांनी लग्नात एवढी एकच गोष्ट अस्सल दिली, आणि ती नेमकी इथं नडली."

मी मोठ्यानं हसलो. सुटका झाल्यावर माणूस हसतो तसा, गरजेपेक्षा जास्त. पण साडू हसता हसता थांबले. "अगं, हा तुझ्या शालूचा पदर," ते म्हणाले. "शालू कापलास?" गेले नऊ दिवस तो पदर त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होता आणि त्यांना दिसला नव्हता, खरं तर मलाही नाही. ताई म्हणाल्या, "बाकी सगळ्यांना जुन्या पडद्याच्या खोळी आहेत. यानं माझ्या हातातली वायर सोडवली. त्याला पडद्याचं कापड कसं घालू?" साडूंनी खोळीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "एवढ्याशा डब्यासाठी शालू," असं काहीसं पुटपुटले. त्यावर ताई एकदम म्हणाल्या, "तुम्ही परत पडला असतात, तर तो शालू नेसून मी कुठं मिरवणार होते?" आणि इतके महिने जे रडू त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं, ते त्यांनी हॉलमध्ये, माझ्यासमोर, मोकळेपणी रडून घेतलं. साडू काठी न घेता उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी खोकं आणि थर्माकोल उचललं आणि विनाकारण खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवलं.

आता शनिवारी मला काही काम नसतं. मी जातो, गॅलरीत ताईंबरोबर गरम चहा घेतो आणि साडूंची आत चाललेली भ्रमंती ऐकतो. ते पुन्हा सगळ्यांच्या चुका काढू लागले आहेत. परवा एका परदेशी पर्वतावरच्या कठड्याला त्यांनी नावं ठेवली. पाय भक्कम झाला आहे. डॉक्टरही खूश आहेत. मागच्या शनिवारी मी ताईंना म्हटलं, "सुटलात बुवा एकदाच्या." त्या हो म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. मग स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाल्या, "पण वायर होती तेव्हा मला मागे वळून बघावं लागायचं नाही. ते कुठं आहेत, ते हाताला कळायचं." तेवढ्यात आतून काठीचा आवाज थांबला. साडू कुठल्या तरी डोंगराच्या मध्यावर उभे होते, डोळ्यांवर डबा, तोंड भलत्याच भिंतीकडे. "अगं, आहेस ना?" त्यांनी विचारलं. "आहे हो," ताई म्हणाल्या, "जातेय कुठं!" मग काठी पुन्हा वाजू लागली. ताईंनी कप खाली ठेवला आणि मला हळूच सांगितलं, "रोज विचारतात. तीन-चारदा तरी. मी घराबाहेर पडत नाही पाच ते पावणेसहा."